मंगळुरी कौलं, आज्जीचं लुगडं आणि खतावणीची पानं: यांच्यावर फोटो छापायचाय

कौलारू

नमस्कार मंडळी,

सावंतवाडीजवळच्या आमच्या घराचं छप्पर गेल्या मे महिन्यात उतरवलं. रिपा कुजल्या होत्या, वाशांना वाळवी. भावाने पत्रे घातले आणि विषय संपवला. उतरवलेली कौलं मात्र मी पडवीत रचून ठेवलीत, कोणाला नेऊ दिली नाहीत. बऱ्याच कौलांच्या पोटाला बासेल मिशनचा (कौलांचे कारखाने काढणाऱ्या स्विस मिशनऱ्यांचा) शिक्का आहे, खाली १८६५. चुलीवरची जी होती ती आतून काळी कुळकुळीत.

सोबत आज्जीचं एक सुती लुगडं आहे, धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं. आणि पणजोबांच्या दुकानाची खतावणी: अर्धी मोडीत, अर्धी बाळबोधीत, कडा कुरतडलेल्या.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. बाबांच्या आगफा क्लिक-थ्रीने काढलेले घराचे चौकोनी कृष्णधवल फोटो स्कॅन करून ठेवलेत. ते या तिन्ही गोष्टींवर छापायचे, वरून ॲक्रिलिक, थोडं शिवणकाम, कुठे माती, असं काहीसं डोक्यात आहे. डिसेंबरात गावातच भिंत मिळतेय.

आतापर्यंतची प्रगती: घरच्या टाकीवाल्या इंकजेटवर (चार बाटल्या, सगळी डाय शाई) टिश्यू पेपर ए४ला चिकटवून छापला. सुंदर आला. कौलावर डकवला आणि ब्रशने पाण्यातलं वॉर्निश फिरवलं, तर फोटो कृष्णधवल असूनही कडेने जांभळट ओघळ. मग शहरातल्या एका यूव्ही (दिव्याखाली शाई लगेच सुकवणाऱ्या) छपाईवाल्याकडे कौल घेऊन गेलो. त्याने हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि "सर, हे मशीनखाली नाही जायचं" म्हणून परत दिलं. कारण विचारलं तर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तर कोणी असल्या वेड्यावाकड्या गोष्टींवर छापलंय का? नवीन मशीन घ्यायची ऐपत नाही, हे आधीच सांगतो.

शाईवाली

कौलारू सर, मिरजेत आमचा छापखाना होता. आधी ऑफसेट, मग फ्लेक्स, मग लग्नपत्रिकांपासून कपांपर्यंत सगळं. आता धंदा मुलगा बघतो आणि मी त्याच्या रद्दीतून कोलाज करत बसते. त्यामुळे लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही मशीनपासून सुरुवात केलीत, तिथेच गुंता झाला. छापायची वस्तू काय पिते आणि काय पीत नाही ते आधी बघायचं. मशीन सगळ्यात शेवटी. कौलावर पाण्याचा एक थेंब टाका आणि बघत राहा. मुरला तर एक रस्ता, मोत्यासारखा उभा राहिला तर दुसरा.

तुमची शाई का पळाली ते सांगते. डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. तो टिश्यूच्या तंतूंत शिरतो, पण पाणी लागलं की पुन्हा सुटतो. पाण्यातलं वॉर्निश म्हणजे शेवटी पाणीच. आणि चार रंगांचा प्रिंटर राखाडी छटा नुसत्या काळ्याने छापत नाही, निळा-किरमिजी-पिवळा मिसळून करतो, म्हणून तुमचा कृष्णधवल फोटो जांभळा रडला. पिग्मेंट शाईत रंगाचे कण न विरघळता तरंगत असतात. ते वाळले की पाण्याला फारशी दाद देत नाहीत, उन्हालाही जास्त टिकतात. घरच्याच प्रिंटरवर काम करायचं असेल तर छापलेला टिश्यू दिवसभर वाळू द्या, मग डब्यातल्या स्प्रेचं (पाण्याचं नव्हे, सॉल्व्हंटचं) ॲक्रिलिक वॉर्निश लांबून हलक्या हाताने मारा. एक थर, वाळवा, दुसरा थर. त्यानंतरच ब्रश. तरीही डाय शाईचं चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नका, वर्षा-दोन वर्षांत उतरायला लागतं.

कौल. इथे मी इंकजेट वापरणारच नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे लेझर प्रिंट काढा. टोनर म्हणजे प्लास्टिकची बारीक भुकटी, तापलेल्या रुळाखाली वितळून कागदावर बसलेली. पाणी तिचं काही करत नाही. तोच आपला फायदा. फोटो आरशातल्यासारखा उलटा करून घ्या, नाहीतर घराचं दार डावीकडचं उजवीकडे जाईल आणि गावातले लोक पहिली तीच चूक काढतील. कागद साधा, सत्तर जीएसएमचा, जितका हलका तितका बरा. चकचकीत आर्ट पेपर नको.

आधी कौल घासायचं. शेवाळ तारेच्या ब्रशने, काजळी धुण्याच्या सोड्याने. काजळीत तेलाचा अंश असतो, तिच्यावर काहीही धरत नाही. ती तुम्हाला हवीच असणार (मला तरी हवी असती), तर फोटोपुरती जागा घासा आणि भोवतीची ठेवा. कोकणातलं कौल आहे म्हणजे लोणा (आत मुरलेला क्षार) असणार. दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवा, मग कडक उन्हात वाळवा. हे टाळलंत तर प्रदर्शनाच्या आठवड्यातच फोटोतून पांढरी पूड वर येईल.

आता ॲक्रिलिक मीडियम (रंग नसलेलं ॲक्रिलिक): जेल किंवा मॅट, कॅमलचंही चालतं. साधा फेविकॉल नको. तो वाळला तरी पाण्याने परत मऊ पडतो, आणि पुढची सगळी कृती पाण्याचीच आहे. कौलावर थर द्या, प्रिंटच्या छापील बाजूवर थर द्या, पालथं घालून चिकटवा, जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे हवा काढा. रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी ओल्या स्पंजने कागद भिजवून बोटांनी गोल गोल चोळा. उटण्याने अंगावरच्या मळाच्या जशा वळ्या निघतात तशा कागदाच्या वळ्या निघतात आणि टोनर मीडियमला धरून मागे राहतो. एका बैठकीत होत नाही. ओलं असताना वाटतं झालं, वाळलं की पांढुरकी धूसर साय दिसते, म्हणजे तंतू राहिलेत. पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा. नख लावू नका. शेवटी मीडियमचा पातळ हात दिला की उरलेसुरले तंतू पारदर्शक होतात.

कौलाच्या खाचांत अख्खा कागद बसणार नाही. फोटोचे पट्टे करा, पण कात्रीने नाही, हाताने फाडून. फाटलेली कड विरून जाते, कापलेली कड आयुष्यभर दिसते.

आणि हे नीट वाचा: प्रिंटरकडे पांढरा रंग नसतो. कागदाचा पांढरा तोच त्याचा पांढरा. कौलावर आलात की फोटोतलं आकाश, चुना मारलेली भिंत, धोतर, सगळं विटकरी होणार. एक तर फोटोच्या जागी आधी पांढऱ्या ॲक्रिलिकचा किंवा जेसोचा (कॅनव्हासला रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचा) ओबडधोबड पट्टा मारा, किंवा विटकरी हाच उजेड समजून फोटोचा काळा-पांढरा फरक जोरदार वाढवून घ्या. मी दुसरं करीन. रंगीत फोटो असता तर पहिलंच करावं लागलं असतं, कारण निळा रंग लाल मातीवर मरतो.

जाता जाता, शिक्क्यातलं १८६५ हे मंगळूरला नेत्रावतीकाठी बासेल मिशनचा कारखाना सुरू झाल्याचं साल. तुमचं कौल त्याच्या बरंच नंतरचंही असू शकतं. चित्राखाली "१८६५चं कौल" असं लिहू नका म्हणून सांगितलं.

लुगडं. हे थेट प्रिंटरमधून जाईल. खळ असेल तर धुऊन काढा, इस्त्री करा, ए४ स्टिकर शीटवर ताणून चिकटवा, चारी कडा शीटबरोबर कापा. एकही दोरा लोंबता नको, तो हेडला (शाई उडवणाऱ्या तोंडाला) पुसत जातो आणि काळा फराटा सोडतो. पुढची कड चिकटपट्टीने बंद करा, सेटिंग जाड कागदाचं ठेवा. सुती कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढून वाळवलं तर डाय शाई जरा बरी धरते, तरी धुवायच्या लायकीची होत नाही. तुम्हाला भिंतीवरच लावायचंय, मग कशाला हवं धुणं.

लुगडं गडद रंगाचं असेल तर वरचं सगळं विसरा, काहीच दिसणार नाही. पदर किंवा आतला विटलेला भाग बघा. कोणी "सब्लिमेशनने करून देतो" म्हणाला तर नमस्कार करून निघा. ती शाई पॉलिएस्टरमध्ये शिरते, सुतात नाही. डीटीएफने (आधी फिल्मवर छापून मग गरम दाबाने चिकटवतात ते) होईल, त्यात पांढरा थर असतो, पण आज्जीच्या लुगड्यावर टी-शर्टचं स्टिकर लावल्यासारखं दिसेल. मऊपणा गेला तर लुगडं घेतलं कशाला?

आणखी एक जुनी युक्ती: लेझर प्रिंट कापडावर पालथा ठेवून मागून थिनरचा बोळा टेकवायचा आणि चमच्याने घासायचं. टोनर पुसट, ओरखड्यांसकट उतरतो. अमेरिकेत चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९५८ ते ६० या काळात दान्ते या इटालियन कवीच्या नरकावरच्या काव्यावर केलेली चित्रमाला याच जातीची, मासिकांतली चित्रं सॉल्व्हंटने भिजवून मागून घासलेली. खिडक्या उघड्या ठेवा, शाळेत मुलांकडून मुळीच करून घेऊ नका.

शिवण छापून झाल्यावर. आधी टाके घातलेत तर उठलेला टाका हेडला लागेल.

खतावणी. जुना कागद शाई छान पितो. कडा कुरतडलेल्या आहेत म्हणून पान दुसऱ्या कागदावर कडेकडेने डकवून मगच आत सोडा. कौलावर सांगितली ती ओली ट्रान्स्फर (ओल्या स्पंजने कागद चोळून काढायची) यावर नको, का ते खाली कोणीतरी सांगेलच.

आणि कोणी "हे काय, प्रिंटवर रंगवलंय" म्हणून नाक मुरडलं तर त्यांना आठवण करून द्या: रविवर्म्याचा छापखाना १८९४ला मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना घरोघरी जर, टिकल्या आणि खरं कापड लावून नटवलं जायचं. छापील चित्रावर हात चालवणं आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनं आहे.

मोडीवाचक

खाली सांगणारा मी आलो 🙂

ओली ट्रान्स्फर का नको: बोरूने लिहिलेल्या मोडीची शाई बहुधा काजळी आणि डिंकाची. ती दोनशे वर्षं उजेडात फिकी पडत नाही, पण ओल्या स्पंजाने एका मिनिटात पुसली जाते.

पण मुळात शाईवाली ताईंनी जे एका ओळीत उरकलं त्याला माझी हरकत आहे. कौलारू सर, ती पानं वाचून घेतलीत का? दुकानाची खतावणी म्हणजे नुसता जमाखर्च नसतो. कोणाकडून काय भावाने तांदूळ आला, कोणाची उधारी बुडाली, कुठल्या बंदरावरून माल उतरला, गावात कोण कोण राहत होतं, सगळं त्यात असतं. अशा कागदावर प्रिंटर चालवायचा म्हणजे मला कसंतरीच होतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असलेच कागद गोळा करत आलंय. मोडी वाचणारे आता बऱ्याच जिल्ह्यांत आहेत. आधी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी ६०० डीपीआयला स्कॅन करा, कोणाकडून तरी वाचून घ्या.

मग स्कॅनच हातकागदावर छापा आणि त्यावर तुमचा फोटो. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात अजून हाताने कागद करतात. खरखरीत असतो, शाई ओढून घेतो, बघणाऱ्याला फरक कळणारही नाही.

शाईवाली

मोडीवाचक, स्कॅन आणि वाचन एकदम मान्य. "फरक कळणार नाही" हे अमान्य. चांगला कळतो. खऱ्या पानाला घडीवर मळ असतो, मागचं अक्षर पुढे उमटलेलं असतं, वाळवीने केलेल्या भोकातून खालचा थर दिसतो. हे छापून येत नाही, त्याचं चित्र येतं.

माझा तोडगा: लिहिलेली पानं कपाटात. पण प्रत्येक खतावणीत शेवटी कोरी पानं असतात, आणि पुठ्ठ्याच्या आतलं अस्तर असतं. ती वापरा. कागद तोच, वय तेच, आणि कोणाची उधारीही पुसली जाणार नाही.

यूव्ही_ऑपरेटर

पुण्यात फ्लॅटबेडवर (सपाट टेबलावर माल ठेवून छापणाऱ्या यूव्ही मशीनवर) काम करतो. त्या छपाईवाल्याने कारण सांगितलं नाही म्हणून मी सांगतो, कारण आम्हाला रोज कोणीतरी दगड, नारळ, गिटार घेऊन येतं.

आमचं हेड मालाच्या वरून दोन-तीन मिलिमीटरवरून पळतं. त्याहून लांब ठेवलं तर शाईचा थेंब उडून पडेपर्यंत भरकटतो आणि फोटो धुरकट येतो. तुमच्या मंगळुरी कौलाची कड आणि खाच यांत चांगला इंचभर फरक. उंच कडेला हिशेब लावला तर खाच धुरकट, खाचेला लावला तर हेड कडेवर आपटणार. हेड गेलं की किंमत लाखांत. मालकाचं मशीन, जीव आमचा. पितळेच्या चकचकीत पत्र्यालाही बरेच जण नाही म्हणतात: यूव्ही दिव्याचा उजेड त्यावरून परत उडतो आणि नोझलच्या तोंडावरच शाई सुकते.

यूव्हीच करायचं असेल तर दोन रस्ते. एक, टाइल कापणाऱ्याकडून कौलाचा मधला सपाट भाग डायमंड ब्लेडने कापून घ्या. दोन, छपराऐवजी जमीन वापरा! जुन्या घराची शहाबादी फरशी असेल तर घेऊन या. सपाट, राखाडी, त्यावर यूव्ही असा बसतो की बघत राहावं. पांढरी शाई आमच्याकडे असते, पण ती फाइलमध्ये वेगळा स्पॉट चॅनल (फक्त पांढऱ्याचा स्वतंत्र थर) करून द्यावी लागते. "पांढरं आहे तिथे पांढरं मारा" एवढ्याने होत नाही. चॅनलचं नाव काय ठेवायचं ते त्या त्या ऑपरेटरला आधी विचारा. आणि पूर्ण फोटोखाली पांढरं मारू नका, दगड मरतो. चेहऱ्यापुरतं, भिंतीपुरतं मारा, बाकी दगड दिसू दे.

फरशी घासून, धूळ उडवून, आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसून आणा. एका कोपऱ्यात छोटा नमुना मारून घ्या, चोवीस तासांनी ब्लेडने फुलीफुलीच्या रेघा ओढून चिकटपट्टी लावून खेचा. शाई पट्टीला आली तर प्राइमर लागणार. कापडावर आमच्याकडे येऊ नका, यूव्ही शाई कडक असते, घडीवर तडकते.

गोधडी

मीही फॉलो करतेय. लुगड्याच्या तुकड्यांवर छापून गोधडी शिवायची झाली तर? हाताने धावदोरा.

शाईवाली

गोधडी, पांघरायची असेल तर या कशानेच नको, पहिल्या धुण्यात नुसता डाग राहील. भिंतीवर लावायची असेल तर बिनधास्त. धावदोऱ्याला बारीक सुई घ्या, थिनरने उतरवलेल्या भागावर जाड सुईने टोनरचे कपचे उडतात.

कौलारू

सगळ्यांचे आभार. या रविवारी बसलो.

लोणा काढायला कौलं आधीच विहिरीच्या पाण्यात टाकली होती, पाणी खरंच खारट झालं. शाईवाली ताई, जेसो न लावता केलं. पडवीत बसलेल्या आज्जीचा फोटो आहे, मागे दुपारचं ऊन. ते ऊन विटकरी झाल्यावर तिन्हीसांजेचं वाटतंय, मला तरी मूळ फोटोपेक्षा हे आवडलं. काजळी भोवताली ठेवली. पट्टे फाडले त्यातला एक थोडा सरकला, तिथे आज्जीच्या खांद्यावरून कौलाची एक खाच गेलीय. तसंच ठेवणार.

खतावणीच्या मागे सोळा कोरी पानं निघाली. मोडीवाचक, बाकीची स्कॅन करतोय. तुम्ही जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे आहेत म्हणालात, सिंधुदुर्गात कोणी असेल तर निरोपात कळवा, इथे जाहीर नाव नको.

शहाबादी आमच्याकडे नव्हती, जमीन शेणाचीच. पण ओट्याच्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत. त्यावर होईल का हो? आणि एक अडचण: शेवटचा हात ग्लॉस मीडियमचा दिला तर कौल ओलं असल्यासारखं चमकतंय.

यूव्ही_ऑपरेटर

जांभा नाही. भोकं भोकं असतात, शाई आत पडते आणि वरून चित्र चाळणी दिसतं.

शाईवाली

जांभ्यावर यूव्ही नाही, पण टिश्यू जाईल. टोनरचा नको, तुमचा तो पहिला इंकजेटवाला, स्प्रेने पक्का केलेला. मीडियम भरपूर घ्या आणि ताठ ब्रशने टिश्यू भोकांत ठोकत जा. फाटेल तिथे फाटू दे.

चमक घालवायला वरून मॅट मीडियमचा एक पातळ हात. बाटली आधी चांगली हलवा, मॅट करणारी पूड तळाशी बसलेली असते, न हलवता वरचं वापरलं तर चमक तशीच राहते. आणि हात जाड नको, गडद भागावर दुधाळ दिसतं. आधी कौलाच्या पाठीवर मारून बघा.